कोटबुसच्या वारसा अभ्यासक्रमाचा अर्ज

युनेस्कोने १९७२ साली स्वीकारलेल्या जागतिक वारसा करारामुळे स्मारकांचे जतन हा केवळ पुरातत्त्वज्ञांचा विषय न राहता कायदा, पर्यटन, नगररचना आणि स्थानिक लोकजीवन यांच्याशीही जोडला गेला. या साऱ्यांचा एकत्र विचार करणारा इंग्रजी माध्यमातील पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्व जर्मनीतील कोटबुसच्या तंत्रविद्यापीठात १९९९ साली सुरू झाला. येथे अर्ज करू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला आधी ‘एपीएस’ प्रमाणपत्र, म्हणजे गुणपत्रके अस्सल असल्याचा पडताळणी-दाखला, मिळवावा लागतो आणि त्यात बराच काळ जाऊ शकत असल्याने ते काम अगोदर हाती घेणे इष्ट.

जर्मन गुणपद्धती भारतीयांना उलटी वाटते, कारण तेथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावर उत्तीर्णतेचा अंक असतो. रूपांतराच्या प्रचलित सूत्रानुसार, उत्तीर्णतेची मर्यादा ४० टक्के असताना ७० टक्के मिळवणाऱ्याचा अंक २.५ येतो: कमाल गुणांपासूनचे ३० चे अंतर ६० ने भागून, ३ ने गुणून त्यात १ मिळवायचा.

खरी कसोटी मात्र हेतुपत्राची. रायगडाची थोरवी गाणारी दोन पाने तेथे फारशी उपयोगी पडत नाहीत. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यावर पायथ्याच्या गावांतील बांधकाम, पाणी आणि पर्यटकांची गर्दी यांचे नियोजन कसे व्हावे, हा प्रश्न मांडणारा परिच्छेद अधिक वजनदार ठरतो.