आजोबांचा गुंड आणि बाप्पांचा उंदीर



आम्ही पडलो डिप्लोमावाले सरकारी नोकर. नियम दाखवल्याशिवाय कागद पुढे सरकवायची आम्हांला सवय नाही. म्हणून आज थोरामोठ्यांच्या पराक्रमांची फाईल उघडतो.

बेळगाव-निपाणी भागात मारुतीच्या देवळापुढं गोल दगडी गुंड दिसतो. ‘आमच्या आजोबांनी असला गुंड खांद्यावरून मागं टाकला,’ असं सांगणारा नातूही तिथंच भेटतो. गोष्टीतला गुंड अडीच फुटी असतो. आम्ही हिशेब मांडला. काळ्या दगडाचा अडीच फूट व्यासाचा गोळा सहाशे किलोंच्या वर भरतो. २०२१ साली जॉर्जियाच्या लाशा तालाखाड्झेनं डोक्यावर उचलले २६७ किलो, आणि तो विश्वविक्रम झाला!

मग आजोबांचं काय? पहिला सिद्धांत असा, की त्या काळी सगळंच स्वस्त होतं, तसं गुरुत्वाकर्षणही होतं. दुसरा, निरशा दुधानं दगडसुद्धा हलके होत. तिसरा मात्र खरं शास्त्र आहे. गोळ्याचा व्यास निम्मा केला की वजन आठव्या हिश्शावर येतं. सव्वा फुटी गुंड ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा, तालमीतल्या गड्याला पेलणारा. आजोबा खोटं बोलले नाहीत. सांगताना नातवाचे हात तेवढे जरा जास्त फाकले.

हाच नियम बाप्पांच्या वाहनाला लावा. प्राणी लहान होत गेला की वजन झपाट्यानं घटतं, ताकद तेवढी घटत नाही. म्हणून मुंगी स्वतःच्या कित्येक पट ओझं नेते. तेव्हा उंदराची निवड तांत्रिकदृष्ट्या योग्यच. लंबोदर त्याला नेमका कसा पेलला, तो मुद्दा आम्ही ‘वरिष्ठांच्या निर्णयार्थ’ ठेवला आहे.

आता डोळ्यांदेखतचा पराक्रम. कपिलेश्वर तलावावर विसर्जनाला गेलात की पाहा. पाट हलत नाही. एक म्हणतो ‘उचला’, दुसरा म्हणतो ‘एत्तु’, जोर मागंपुढं लागतो आणि वाया जातो. तेवढ्यात ‘मोरया’ होतं आणि पाट उठतो. चमत्कार नव्हे, सगळ्यांचा जोर एका क्षणी लागला, एवढंच. ‘मोरया’चं मराठी-कन्नड भाषांतर कुणी मागत नाही.

यंदा पाटाला खांदे कमी आहेत. पोरं पुण्या-बेंगळुरूला नोकरीत, आणि आम्ही क्रेनवाल्याचा नंबर शोधतो आहोत. तेव्हा घरी गेल्यावर पोरांना फोन करा. मोदक इथं तयार आहेत; येताना फक्त खांदा घेऊन या म्हणावं.

गणपती बाप्पा मोरया!