महाविद्यालयाचा संघ आणि संघातला मुलगा



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र बसून व्याख्यान ऐकावे, ही चाल या शहराला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली घालून दिली. अशा ठिकाणी कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला, की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. मी आज बास्केटबॉलवर बोलणार आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, हे आपणांस दिसतेच आहे. तो खेळ मी कधी खेळलो नाही. माझी शाळा दहावीला सुटली, मग आय. टी. आय., मग फिटरचे काम, मग युनियन. जे काही शिकलो ते रविवारी बसने शहरात येऊन पुणे नगर वाचन मंदिरात बसून शिकलो. तेव्हा चेंडू कसा टाकावा हे माझ्याकडून ऐकण्याची अपेक्षा कोणी करू नये. चेंडू टाकणारा मुलगा महाविद्यालयात कसा आणला जातो, आणि आणल्यावर त्याचे काय होते, एवढाच माझा विषय आहे. ही भरती आहे, आणि भरती हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे.

या खेळाचा जन्म फार साधा आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे अठरा कंटाळलेले विद्यार्थी होते. बाहेर कडक थंडी. त्याने सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. अठरा मुले, अठराही खेळात! कोणी निवडला गेला नाही, कोणी बाकावर बसला नाही. आज संघात बारा नावे असतात आणि मैदानात पाच असतात. ते सात बाकावर बसू लागले तेव्हापासून निवड आली, आणि निवडीबरोबर आश्वासने आली.

आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. त्यांतली पाच-सहा मोठी महाविद्यालये सोडून द्या. त्यांच्या नावावरच मुले येतात. मी बोलतो आहे लहान महाविद्यालयाबद्दल : एक इमारत, एक मैदान, त्यावर अर्धे सिमेंट आणि अर्धी माती. तेथील शारीरिक शिक्षण संचालक जून महिन्यात काय करतो? तो वही उघडतो आणि वजाबाकी करतो. मागील वर्षीच्या बारांतील चार पदवी घेऊन गेले. एकाचे वय आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पंचविसाच्या मर्यादेपलीकडे गेले. एक नापास झाला. एकाला वडिलांनी दुकानावर बसविला. उरले पाच, आणि त्या पाचांत रिंगणाखाली उभा राहील असा उंच कोणीच नाही. मग तो मोटारसायकल काढतो. शालेय स्पर्धांची मैदाने, डेक्कन जिमखान्यावरचे सराव, कोठे कोणा पोलिसाचा किंवा गवंड्याचा लांब हातापायांचा मुलगा दिसला तर त्याचे घर. त्या घरात तो जे बोलतो त्याला मी भरती म्हणतो : “फी आम्ही बघू. वसतिगृहाची सोय होईल. बूट मिळतील. हजेरीची काळजी नको. पुढे नोकरीचेही पाहू.”

हा माणूस लबाड असतो असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा तो स्वतः तासिका तत्त्वावर असतो. त्याची नोकरीच संघाच्या करंडकावर टांगलेली असते. तो मनापासून बोलतो. पण त्याला जे देण्याचा अधिकार नाही तेच तो देत असतो, आणि ते तोंडी देत असतो.

मुलगा का येतो, हेही पाहिले पाहिजे. केवळ खेळावरच्या प्रेमाने येतो, असे सभांतून सांगतात. प्रेम असतेच. पण बापाच्या डोक्यात नोकरी असते, आणि बापाचे चुकत नाही. मुंबईचे नागपाडा पाहा. दाट वस्ती, लहान खोल्या, आणि मध्ये बास्केटबॉलचे एक मैदान. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे ‘नेबरहुड हाऊस’ उभे केले. त्याच जागेत १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली. त्या वस्तीने देशाला बास्केटबॉलचे खेळाडू दिले. अब्बास मुंतसीर तेथलेच. भारताचे कर्णधार, आणि १९७० चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. एका गल्लीतून इतके खेळाडू का निघाले, याचे उत्तर मुंबईचे पाणी नव्हे. खेळणाऱ्याला पुढे रेल्वेत, बँकेत, मोठ्या कंपनीत जागा मिळे, हे गल्लीतल्या प्रत्येक आईला ठाऊक होते. मुलगा उन्हात चेंडू आपटीत असला तरी ती त्याला हाक मारून घरात घेत नसे.

आता माझ्या बाजूचा एक दोष सांगतो. मी कामाला होतो त्या कारखान्यात खेळाडू भरीत. तो सकाळी मस्टरवर सही करी आणि दुपारी दोन वाजता सरावाला जाई. आमचे लोक कुरकुरत : आम्ही घाम गाळायचा आणि याने चेंडू खेळून पगार घ्यायचा? मी तेव्हा तिशीत होतो, टाळ्या हव्या होत्या. गेट मीटिंगमध्ये मी त्या मुलांची पुष्कळ थट्टा केली. पुढे व्यवस्थापनाने खर्चकपातीत पहिला घाव त्या भरतीवर घातला. आम्ही गप्प बसलो. दुसरा घाव कॅंटीनवर पडला आणि तिसरा आमच्यावर. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते चांगले आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी वरची स्पर्धा लागते, आणि लहान महाविद्यालयाचा संघ बहुधा विभागातच हरतो. म्हणजे बाकावरच्या सात जणांना, आणि मैदानातल्या पाचांपैकीही बहुतेकांना, चार वर्षांच्या शेवटी हातात काही नाही.

कबड्डीचे लोक यावर हसतील. त्यांच्याकडे २०१४ पासून व्यावसायिक स्पर्धा आहे. २०१९ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. २०२४ च्या मार्चमध्ये आपला पुणेरी पलटणचा संघ विजेता झाला तेव्हा या शहरात पेढे वाटले गेले असतील. माणसाच्या लिलावाचा शब्द मला अजून बोचतो. पण एक कबूल केले पाहिजे : तेथे आकडा मोठ्याने बोलला जातो आणि कागदावर उतरतो. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मुलाला काय कबूल केले, हे मुलगा, त्याचा बाप आणि ती मोटारसायकल यांनाच ठाऊक असते.

असे एक घर मला माहीत आहे. भोसरीतला आमचा एक सभासद, लेथवर काम करणारा. मुलगा सहा फूट चार इंच. एका महाविद्यालयाने नेला. नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एकाचा नाही. पहिले वर्ष फी माफ, खोली मिळाली, बूट मिळाले. दुसऱ्या वर्षी सरावात उडी मारून खाली येताना गुडघ्यातले लिगामेंट तुटले. ज्यांना ही दुखापत ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको : शस्त्रक्रिया, मग सहा महिने ते वर्षभर व्यायाम, आणि नंतरही पाय पूर्वीसारखा होईल याची हमी नाही. पुढच्या जूनमध्ये कळविण्यात आले की खेळाडूंच्या यादीत नाव नाही, तेव्हा फी भरावी आणि खोली सोडावी. बाप माझ्या कार्यालयात आला तो पतपेढीच्या कर्जाचा अर्ज हातात घेऊनच.

मी प्राचार्यांना भेटलो. अत्यंत सज्जन गृहस्थ. चहा मागविला, मुलाच्या खेळाची स्तुती केली, आणि विचारले, “आपल्याजवळ काही कागद आहे का?”

मित्रहो, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. बारा वर्षे एकाच यंत्रावर उभा राहिलेला कंत्राटी कामगार जेव्हा कायम करा म्हणतो, तेव्हा त्याला हाच प्रश्न विचारतात. त्या दिवशी महाविद्यालयाच्या खोलीत, सरस्वतीच्या तसबिरीखाली तो ऐकला, आणि मला प्रथमच नीट समजले की मी कारखान्यातच बसलो आहे. शेवटी सहानुभूती म्हणून निम्मी फी माफ झाली. सहानुभूती या शब्दाचा मला त्या दिवसापासून राग आहे. यंत्रावर बोट गेले तर नुकसानभरपाई हा हक्क आहे, हे या देशात १९२३ सालच्या कायद्याने मान्य केले. संघासाठी गुडघा गेला तर मात्र सहानुभूती.

असे का, याचा शोध घेताना मी अमेरिकेपर्यंत पोहोचलो. तेथे महाविद्यालयीन खेळ हा केवढा व्यापार आहे हे आपण ऐकून असाल. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने मोठी महाविद्यालये आपल्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देऊ शकतात. पण तेथेही लहान महाविद्यालये आहेतच. तिसऱ्या श्रेणीत चारशेहून अधिक संस्था आहेत आणि त्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तेथला प्रशिक्षकही आमच्या संचालकासारखीच वजाबाकी करतो. त्यात एक भर पडली आहे. २०२१ पासून महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावे लागत नाही. त्यामुळे लहान ठिकाणी तयार झालेला मुलगा मोठे महाविद्यालय उचलून नेते, आणि लहान प्रशिक्षक पुन्हा जूनच्या वहीपाशी. मुलाला जाण्याची मोकळीक मिळाली याचा मला आनंद आहे. मळा एकाने राखावा आणि तोडणी दुसऱ्याने करावी, याचा नाही.

आता शब्दाची गोष्ट. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुइस या छोट्या महाविद्यालयाचा रे डेनिसन नावाचा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ती नाकारली. त्याच काळात महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी एक जोडशब्द रूढ केला : ‘विद्यार्थी-खेळाडू’. तो अशा दाव्यांच्या भीतीपोटीच घडविला, हे त्यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात स्वतः सांगितले. किती सुंदर शब्द! दोन्ही बाजूंनी मान दिल्यासारखा वाटतो, आणि आतून एक दार बंद करतो. आमच्याकडे असे शब्द कमी नाहीत. शिकाऊ, बदली, मानद, स्वयंसेवक.

त्या दारावर अलीकडे एका लहान महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघानेच थाप मारली. डार्टमथ नावाची ती जुनी संस्था, १७६९ सालची. पंधरा मुलांचा संघ. खेळाची शिष्यवृत्ती कोणालाच नाही. सरावाची वेळ, प्रवास, कपडे, सारे महाविद्यालय ठरविते, तेव्हा आम्ही कामगार आहोत, असे त्यांनी म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रम मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने ते मान्य केले. ५ मार्चला मतदान झाले : युनियनच्या बाजूने तेरा, विरुद्ध दोन. ज्या युनियनमध्ये त्याच महाविद्यालयाचे इतर कर्मचारी होते, तिच्यातच ही मुले गेली. मी ही बातमी आमच्या कार्यालयात मोठ्याने वाचून दाखविली. पण गोष्ट तेथे संपत नाही. महाविद्यालयाने वाटाघाटींस नकार दिला, आणि सरकार बदलण्याची वेळ आल्यावर, विरुद्ध निर्णय होऊन बसू नये म्हणून, ३१ डिसेंबर २०२४ रोजी तो अर्ज मागे घेण्यात आला. हरलेल्या संपांचा हिशेब मला लपवता येत नाही.

पुण्यात अशा मुलांची युनियन काढा, असे मी म्हणणार असे काहींना वाटले असेल. मी म्हणत नाही. तीन वर्षांत पांगणाऱ्या मुलांची संघटना टिकत नाही, हे कंत्राटी कामगारांत राहून मी शिकलो. शिवाय शिरीन लिमये या भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या, त्या याच शहराच्या. येथल्या मैदानांत दम आहे, आणि तो भांडणात जावा अशी माझी इच्छा नाही. मला हवा आहे तो एक कागद. प्रवेशाच्या वेळी, प्राचार्यांच्या सहीचा. त्यात फी किती वर्षे माफ हे लिहिलेले असावे. खेळता खेळता दुखापत झाली तर उपचार कोण करणार, त्यासाठी विमा कोणता, आणि खेळता येईनासे झाले तरी पदवीपर्यंत ती सवलत राहील, हे लिहिलेले असावे. संघातून वगळल्यावर दुसऱ्या महाविद्यालयात जाण्यास दाखल्याची अडवणूक होणार नाही, हेही. एका प्राचार्यांनी मला सांगितले, “असे लिहून दिले तर आम्ही मुले घेणारच नाही.” मी म्हटले, “मग जूनमध्ये घरी जाऊन तोंडाने काय सांगता?” त्यांनी उत्तर दिले नाही, पण मसुदा ठेवून घेतला. आणखी दोघांनी ठेवून घेतला आहे. सही अजून एकाचीही नाही.

भोसरीच्या त्या मुलाने पदवी सोडली. तो आता गोदामात मालाच्या नोंदी करतो, आणि स्पर्धा असल्या की मैदानाच्या कडेला टेबलावर बसून गुणपत्रक लिहितो. अक्षर चांगले आहे. हा मसुदाही त्यानेच लिहून काढला. त्याच्या शंभर प्रती दाराशी बाकावर ठेवल्या आहेत. ज्यांची मुले यंदा अकरावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात जाणार आहेत आणि ज्यांच्या मुलांची पँट दर सहा महिन्यांनी आखूड होते, त्यांनी जाताना एक प्रत घेऊन जावी.