रविवारचा रोस्ट आणि घरची गृहिणी
(कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



धर्मगुरूनें स्वयंपाकघरांत लुडबूड करूं नये, हें मी जाणतों. तथापि आज बीफ रोस्टविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, व त्याचें कारण माझी आई होय. सणाच्या दिवशीं आम्ही सारे जेवून उठलों कीं मग ती बसे, तीही चुलीपाशींच. तिचें ताट आमच्या पंगतींत मांडलेलें मला आठवत नाहीं.

इंग्लंडांत रविवारच्या रोस्टचा प्रघात जुना आहे. पूर्वीं मांस सळईस लावून आगीसमोर फिरवीत. खालच्या थाळींत चरबी ठिबके व तींत पिठाचें पुडिंग भाजलें जाई. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकग्रंथांत त्याची कृति आहे. ज्या गरिबांच्या घरीं भट्टी नसे, ते आपलें मांस पाववाल्याच्या भट्टींत ठेवून येत. तें भाजलें जाई तोंवर घरचीं माणसें मोकळीं. मला या रोस्टचें कौतुक वाटतें तें एवढ्याचसाठीं.

आपल्या महाराष्ट्रांत गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस २०१५ पासून कायद्यानें बंदी आहे. म्हणून येथील रोस्ट म्हशीच्या मांसाचा. तें बहुधा निबर असतें, व निबर मांसास घाई खपत नाहीं. त्यांतील चिवट तंतू ७० अंशांच्या वर, पण सावकाश, विरघळतात.

म्हणून शनिवारीं रात्रीं दोन किलोंच्या तुकड्यास मीठ, मिरीं व लसूण चोळून ठेवावें. सकाळीं तो चोहोंकडून तांबूस परतावा. असें केल्यानें रस आंत कोंडला जातो, असें थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं १८४७ मध्यें प्रतिपादिलें, आणि अद्यापि कित्येक सुगरणी तेंच सांगतात. परंतु वजन करून पाहतां तें खोटें ठरलें; परतल्यानें केवळ स्वाद वाढतो. (थोरांचें म्हणणेंही तागडींत घालून पाहावें!) मग कांदे व पेलाभर पाणी घालून, घट्ट झांकण लावून भांडें १५० अंशांच्या ओव्हनमध्यें साडेतीन तास ठेवावें. घरीं आजीबाई असल्यास त्यांनीं अधूनमधून नजर टाकावी, म्हणजे इतरांनीं मिस्सेला जाऊन यावें. सूनबाईनेंही.

बाहेर काढल्यावर अर्धा तास मांसास सुरी लावूं नये, नाहीं तर रस पाटावरच वाहून जाईल. तेवढ्यांत भांड्यांतील रसांत चमचाभर पीठ कालवून उकळी आणावी, व ताटें मांडावीं, सर्वांचीं, एकदम. तंतूंच्या आडवें कापण्याचें काम इंग्रजांत घरधनी करतो. आपल्याकडील पुरुषांनींही तें करावें, व पहिला तुकडा कोणाच्या ताटांत वाढावयाचा तें मी सांगावयास नको.

उरलेलें मांस सोमवारीं थंडच, पातळ कापून पावांत घालावें. इंग्लंडांत सोमवार हा धुण्याचा वार असे, आणि त्या दिवशीं बायकांना रांधावयास सवड नसे.