चुंबकाच्या पट्ट्याने लाइट बिल कमी होतं का?

मागे एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अठराशे रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर पिठाच्या गिरणीच्या केबलला बांधायचा चुंबकाचा पट्टा घ्यायला. विकणारा म्हणाला होता, चुंबकामुळे वीज सुरळीत वाहते, बिल निम्मं येतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बी.ए. झालेली, मला काय सांगता येणार? आठ दिवस मागून घेतले आणि वाचत बसले.

गंमत म्हणजे त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. काही पदार्थांत चुंबकत्वामुळे वीज खरंच सोपी वाहते. त्यांना लोहचुंबकीय अर्धवाहक म्हणतात. अर्धवाहक म्हणजे तांब्याइतकी वीज नेत नाही आणि लाकडासारखी अडवतही नाही, असा पदार्थ. मोबाईलच्या चिपमधलं सिलिकॉन अर्धवाहकच, पण ते लोखंडासारखं चुंबक होत नाही. युरोपियम ऑक्साइड होतं, हे १९६१ साली कळलं.

पंगत डोळ्यांपुढे आणा. यातले युरोपियमचे अणू म्हणजे एकेक बारका चुंबक. सगळे एकाच दिशेला तोंड करून ओळीत बसले, तर वाढणारी झपझप पुढे जाते. जो तो भलतीकडे वळून बसला, तर अडखळते. ही वाढणारी म्हणजे वीज नेणारा इलेक्ट्रॉन. आता उष्णता ही पंगत मोडते. युरोपियम ऑक्साइडमध्ये ती नीट बसते शून्याखाली २०४ अंशांच्याही खालच्या थंडीत. त्या तापमानाच्या आसपास बाहेरून चुंबक आणला, की वळलेले अणू ओळीत येतात आणि विजेचा अडथळा घटतो. युरोपियम किंचित जास्त असलेल्या नमुन्यांत थंड करताना अडथळा कोट्यवधी पटींनी कमी झालेला मोजलाय! जपानमध्ये हिदेओ ओहनो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून असाच पदार्थ केला. त्यालाही शून्याच्या बरीच खालची थंडी लागली.

आपल्या केबलमधल्या तांब्यात मुळात ही पंगतच नाही, मग चुंबक ओळीत बसवणार कुणाला? बाहेरून पट्टा बांधून बिलात दिसेल असा फरक पडत नाही.

हे सांगितल्यावर ताईंनी विचारलं, "म्हणजे बर्फात ठेवली तरी नाही?" हसलो सगळ्या. त्यांनी अर्ज मागे घेतला. त्यांच्या जावेने मात्र पट्टा आधीच घेतला होता. आम्ही तिची आधीची आणि नंतरची बिलं शेजारी ठेवली. दळण तेवढंच, युनिटही जवळपास तेवढेच.