पिरूल, वीज आणि बांज



सरकारी वनांतील जैवभार जाळून वीज निर्माण करावी की नाही, हा वाद बहुधा मोठमोठ्या आकड्यांच्या आधारे घातला जातो. आज मी त्याचा विचार एका झाडाच्या अनुषंगाने करणार आहे. ते झाड म्हणजे उत्तराखंडातील चीड.

कुमाऊँ आणि गढवाल येथे सुमारे 500 ते 2000 मीटर उंचीवर चीडची विस्तीर्ण वने आहेत. मार्चपासून जूनपर्यंत त्यांची सुईसारखी पाने गळत राहतात. पहाडी लोक त्यांना पिरूल म्हणतात. पिरूलमध्ये राळ असते, ती लवकर कुजत नाहीत आणि उतारावर त्यांचा जाड थर साचतो. एखादी विडी त्यावर पडली की डोंगर पेटतो. 2016 आणि 2024 या दोन्ही वर्षी आग विझविण्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली.

तेव्हा हेच पिरूल गोळा करून इंधन म्हणून का वापरू नये? ही सूचना इतकी सरळ आहे की तिला विरोध करणे कोणालाही जड जावे. यात झाड तोडावयाचे नाही. उलट आगीचे खाद्यच कमी होते. पिथौरागढ जिल्ह्यात अशी संयंत्रे उभारली गेली आणि 2018 साली राज्य शासनाने पिरूलपासून वीजनिर्मितीचे धोरणही जाहीर केले. संयंत्राची रीत समजण्यास कठीण नाही. अपुऱ्या हवेत पिरूल जाळले म्हणजे ज्वलनशील वायू मिळतो. तो गाळून, थंड करून त्यावर इंजिन चालवितात. मागे उरणाऱ्या कोळशाच्या वड्या चुलीसाठी उपयोगी पडतात.

अडचण आहे ती हिशेबात. एक युनिट विजेस साधारणतः सव्वा ते दीड किलो पिरूल लागते. 25 किलोवॅटचे लहानसे संयंत्र दिवसाला दहा तास चालविले, तरी वर्षाकाठी शंभर टनांच्या आसपास पिरूल हवे. ते मिळते उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत. मग पावसाळा येतो. वजनाने हलके, आकाराने अवाढव्य असे हे गवतासारखे द्रव्य कोरडे साठवावयाचे कोठे? आणि निसरड्या उतारावरून ते पाठीवर वाहून आणावयाचे कोणी? अर्थातच स्त्रियांनी. आधीच चारा, पाणी आणि सरपण यांचा भार त्यांच्याच पाठीवर आहे.

मे 2024 मध्ये, वने पेटलेली असताना, शासनाने पिरूलला किलोमागे 50 रुपये देण्याची घोषणा केली. या दराने एका युनिटचा कच्चा मालच साठ-सत्तर रुपयांवर जातो. अशी वीज कोण घेईल? परंतु माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या खात्यावर मांडला जातो. पिरूल उचलण्याची मजुरी हा आग टाळण्याचा खर्च होय. हेलिकॉप्टरने किती युनिटे दिली, असे कोणी विचारीत नाही!

याहून गंभीर शंका निराळी आहे. ज्या झाडापासून पैसा मिळतो, ते झाड राखले जाते. इंग्रजी अमदानीत रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांसाठी चीडला महत्त्व आले. चारा, शेणखताचा पाला आणि सरपण देणारा बांज वनखात्याच्या दृष्टीने कवडीमोलाचा ठरला. याचा राग लोकांनी विसरला नाही. 1921 च्या उन्हाळ्यात कुमाऊँमध्ये जी वने हेतुपुरस्सर पेटविली गेली, ती मुख्यत्वे चीडची होती. त्या असंतोषातूनच पुढे 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चीडची साल जाड असल्याने मोठी झाडे आगीतून तगतात आणि जळालेल्या मोकळ्या जमिनीवर त्यांचे बी सहज रुजते; बांजची रोपे मात्र होरपळून जातात. म्हणून पिरूल उचलण्याचा खरा लाभ बांजला मिळावयास हवा. परंतु संयंत्राला तर दरवर्षी तेवढेच पिरूल हवे! कर्ज काढून यंत्र बसविणारा उद्योजक चीडच्या जागी बांज वाढावा अशी इच्छा का करील? संयंत्र जितके मोठे, तितकी ही भूक मोठी. आणि पिरूल संपल्यावर तिची नजर फांद्यांवर व मग खोडांवर जाणार नाही, याची हमी धोरणाच्या कागदावर लिहिल्याने मिळत नाही. यासाठी संयंत्र लहानच असावे, एका-दोन गावांपुरते, आणि चीड ओसरेल तसे ते हलविता यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. 1927 च्या वन कायद्यानुसार वनातील पानसुद्धा वनोत्पन्न आहे. राखीव वनातून ते उचलण्यास खात्याची परवानगी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोत्पन्नावर वनहक्कधारकांचे स्वामित्व मान्य केले. पिरूल हे लाकूड नव्हे, तेव्हा ते याच सदरात पडते. मग ज्या गावच्या स्त्रिया ते उचलतात, त्या गावाशी उद्योजकाने करार करावा. खात्याशी करार करून स्त्रियांना रोजंदारीवर लावू नये. दर काय असावा, कोणत्या उतारावरील थर जमिनीच्या ओलाव्यासाठी तसाच ठेवावा, गोठ्यात अंथरण्यापुरते किती राखावे आणि रिकाम्या झालेल्या जागी बांज कोठे लावावा, हे त्याच गावच्या सभेत ठरावयास हवे. अशा सभेला त्या स्त्रिया हजर असाव्यात, आणि ती चारा कापण्याच्या वेळी बोलावू नये.