उदबत्तीचा धूर



जन्मभर मीं शाळेंत मुलांना शिकविलें. त्या काळांतील एका उत्तराची दुरुस्ती आज करावयाची आहे. शारदापूजनाच्या दिवशीं वर्गांत उदबत्ती लाविली होती. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, हा धूर वीतभर सरळ चढतो आणि मग एकाएकीं विस्कटतो, तो कां?” मी म्हणालों, “खिडकींतून वारा येत असेल. खालीं बैस.” मुलानें खिडकीकडे पाहिलें. ती बंद होती. तो निमूटपणें खालीं बसला.

त्या मुलाचाच प्रश्न मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८३ सालीं पाण्याला विचारला होता. पाण्याच्या टाकींत त्यांनीं कांचेची लांब नळी बसविली आणि तींतून वाहणाऱ्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. प्रवाह मंद होता तोंवर ती धार ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवितां वाढवितां अशी मर्यादा आली कीं, कांहीं अंतरावर तो दोरा मोडला आणि पुढची सारी नळी रंगानें भरून गेली. डोळ्यांना तेथें नुसता कालवलेला रंग दिसे. परंतु विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडांत पाहिलें, तों त्याच रंगांत वेगवेगळीं वेटोळीं स्पष्ट दिसलीं. भोंवरे आधींही होतेच. ते इतक्या त्वरेनें पालटत कीं, नजरेला त्यांचा आकार धरतां येत नव्हता.

याचें कारण असें. प्रवाहांत दोन गोष्टींची ओढाताण चालते. चिकटपणा शेजारच्या थरांना एकमेकांशीं बांधून ठेवूं पाहतो. गतीचा आवेग लहानशी थरथरही वाढवीत नेतो. वेग, रुंदी व घनता यांच्या गुणाकाराला चिकटपणानें भागिलें असतां जी संख्या येते, ती रेनॉल्ड्स यांच्याच नांवानें ओळखली जाते. नळांत ती सामान्यतः २,००० च्या बरीच वर गेली कीं प्रवाह बिघडूं लागतो. उदबत्तीचा ऊन धूर चढतांना त्याचा वेग वाढतो, झोतही रुंदावतो. म्हणून ही संख्या वाढत जाते, आणि हवा अगदीं स्तब्ध असली तरी धूर विस्कटतोच.

आतां मापाचा विचार करूं. ओढ्यांत रोवलेल्या काठीमागें भोंवऱ्यांच्या दोन रांगा आळीपाळीनें सुटतात. मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटामागें तशाच रांगा ढगांत, कित्येक कोस पसरलेल्या, उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसतात. खवळलेल्या एकाच प्रवाहांतही लहानमोठे भोंवरे एकत्र नांदतात. मोठ्याची शक्ति त्याहून लहानांकडे, लहानांची आणखी लहानांकडे जाते, आणि अखेरीस चिकटपणामुळें तिची उष्णता होते. इंग्रज हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसन यांनीं १९२२ सालीं ही कल्पना मांडली. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनीं १९४१ सालीं तिला गणिताचें रूप दिलें. यामुळेंच एका चित्रांत सारा प्रवाह मावत नाहीं. उपग्रहाला काठीमागचा भोंवरा दिसत नाहीं आणि ठिणगीला ढगांची रांग उजळतां येत नाहीं. जसा भोंवरा, तशा मापाची दृष्टि हवी. इतकें होऊनही हें कोडें आज पुरतें सुटलेलें नाहीं.

आज रात्रीं दारें-खिडक्या लावून, पंखा बंद करून घरीं एक उदबत्ती लावा. मागें काळें कापड धरा, बाजूनें विजेरीचा उजेड पाडा, आणि श्वास आवरून पाहा. सरळ रेघ कोठें डळमळते, पहिलें वेटोळें कोठें वळतें, तें मुलांना दाखवा. त्यांनीं विचारलें आणि उत्तर आलें नाहीं, तर “ठाऊक नाहीं, मिळून पाहूं” असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. मला तें त्या दिवशीं सुचलें नाहीं.

तो मुलगा आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. कोठें ऐकत असलास, बाळ, तर एवढें सांगतों: खिडकी बंद होती, आणि तुझा प्रश्न बरोबर होता.