विणकामाचे पहिले धडे
(ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावण शुद्ध त्रयोदशीस भगवान जिव्हेश्वरांची पालखी निघते, तेव्हा आपली मुले मोठ्या उत्साहाने पुढे असतात. श्रीशंकराच्या जिव्हेपासून आपला मूळपुरुष प्रकटला आणि त्याने देवांसाठी वस्त्र विणले, ही कथा त्यांना मुखोद्गत असते. परंतु त्याच मुलांस ताणा कोणता आणि बाणा कोणता असे विचारले, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. वारसा जिभेवर राहिला, हातांत मात्र उरला नाही.

हा दोष मुलांचा नव्हे. खड्ड्याच्या मागावर बसून ज्यांची कंबर वाकली, त्या वडिलांनी मुलाच्या हाती धोट्याऐवजी लेखणी दिली, यात वावगे काहीच नाही. मुलांना पुन्हा त्या खड्ड्यात बसवावे, असे आम्ही म्हणत नाही. तथापि पोटासाठी एखादा धंदा सोडणे निराळे, आणि त्यातील विद्या समूळ विसरणे निराळे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगास शिक्षणाचा मध्यबिंदू मानले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, अशी सूचना आहे. अशा कामी विणकरांच्या ज्ञातीनेच मागे राहणे शोभणार नाही.

गेल्या सुटीत आम्ही आपल्या काही मुलांस एकत्र करून हा प्रयोग केला. साधन म्हणाल तर वीतभर पुठ्ठा. त्याच्या वरच्या व खालच्या कडेस सारख्या अंतरावर खाचा पाडून त्यांत जाड सूत ताणले, की झाला ताणा. बोथट सुईत रंगीत सूत ओवून ते एका धाग्यावरून व दुसऱ्याखालून न्यावयाचे, परतताना नेमके उलट करावयाचे. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या पट्ट्या मध्येच आवळून डमरूसारख्या झाल्या! तेव्हा ज्ञातीतील एका वृद्ध विणकरांनी बाणा ओढून न घेता किंचित कमानीसारखा सैल टाकून मग कंगव्याने खाली बसविण्यास शिकविले. कडा सरळ आल्या.

तिसऱ्या दिवशी डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा, असे दोन रंग घेतले. रंग जेथे भेटले, तेथे उभी फट पडली. ‘आजोबा, हे तर फाटले,’ असे एक मुलगी हिरमुसून म्हणाली. आजोबांनी दोन्ही सुते परतण्यापूर्वी एकमेकांत अडकवून दाखविली, आणि फट मिटली. मग आम्ही मुलांपुढे हातमागावरील जुन्या पैठणीचा पदर उलगडला. त्यावरील मोर आणि आसवलीची वेल याच रीतीने, प्रत्येक रंगाच्या निराळ्या लहान कांडीने विणलेली होती. एका मुलाने पदर उलटून पाहिला. मागची बाजूही पुढच्यासारखीच सुबक! येवल्याच्या विणकराला एका पदरापायी इतके दिवस का खर्चावे लागतात, हे आम्हांस सांगावे लागले नाही. मुलांच्या बोटांनीच ते जाणले होते.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच आहे. ज्ञातीच्या प्रत्येक वसतिगृहात वर्षातून एक आठवडा या शिक्षणासाठी राखून ठेवावा. शिकविण्यास आपल्यातील वृद्ध विणकरांस सन्मानाने बोलवावे, आणि त्यांच्या श्रमांचे मोल योग्य मानधनाने करावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. कारण ज्यांच्या हातांत ही विद्या आहे, ते हात आता थकले आहेत.

येत्या जयंतीस मुलांनी स्वहस्ते विणलेली एक पट्टी पालखीस बांधावी. ती वेडीवाकडी असली तरी चालेल. मूळपुरुषास त्या दिवशी आपली भेट खरी पोहोचेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.